समुद्रांत कीं समुद्रावर?

इंग्रजींतील स्थलदर्शक शब्दांविषयीं एक पाठ



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आमच्या वर्गास भेट देण्यासाठीं परप्रांतांतील एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांना मराठी येत नव्हतें. मुलांची ओळख व्हावी म्हणून त्यांनीं प्रत्येकास आपल्या घराविषयीं चार वाक्यें इंग्रजींत लिहावयास सांगितलीं. नरपडच्या एका मुलीनें लिहिलें, "माय फादर इज् इन द सी." गृहस्थांनीं तें वाक्य दोनदां वाचलें. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनीं त्या मुलीस जवळ बोलाविलें व हलक्या आवाजांत विचारलें कीं, हें केव्हां घडलें? मुलगी गोंधळून गेली. तिचे वडील त्या दिवशीं पहांटे होडी घेऊन मासेमारीस गेले होते व दुसऱ्या दिवशीं परत यावयाचे होते. पाहुण्यांची मात्र अशी समजूत झाली कीं, ते बुडाले!

उलगडा झाल्यावर वर्गांत हंशा पिकला. परंतु ती मुलगी रडूं लागली, आणि त्यानंतर कित्येक दिवस तिनें इंग्रजींत एकहि वाक्य आपण होऊन बोलून दाखविलें नाहीं. मला त्या हंशाचें वाईट वाटलें, कारण चूक तिची नव्हती. "बाबा समुद्रांत गेले आहेत" असें आपण मराठींत रोज म्हणतों, आणि त्यांत अशुभ असें कांहींच नसतें. 'आंत' म्हणजे 'इन', 'वर' म्हणजे 'ऑन' व 'पाशीं' म्हणजे 'ॲट', असें कोष्टक मींच फळ्यावर लिहून दिलें होतें. तिनें तें इमानानें पाळलें. तिला लिहावयाचें होतें तें वाक्य "माय फादर इज् ॲट सी" हें होय. त्या दिवसापासून तें कोष्टक फळ्यावर लिहिणें मीं सोडून दिलें. त्याच्याऐवजीं जें शिकवूं लागलों, तेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

१. कोष्टक कां फसतें?

इंग्रजींत स्थळ दाखविणारा शब्द नामाच्या आधीं येतो, म्हणून त्यास 'प्रेपोझिशन', म्हणजे पूर्वीं ठेवलेला शब्द, असें म्हणतात. मराठींत तेंच काम नामास मागून लागणारे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्ययें करितात. हा क्रमाचा भेद मुलांच्या लवकर ध्यानांत येतो. त्याचा फारसा त्रास होत नाहीं. खरा त्रास आहे तो अर्थाच्या वांटणीचा.

विल्यम कॅरे यांचें मराठीचें व्याकरण १८०५ सालीं सेरामपूर येथें छापलें गेलें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून दोन्ही भाषांची तुलना चालू आहे, आणि मराठी मुलगा इंग्रजी शिकतो तो प्रायः एका शब्दासमोर दुसरा शब्द मांडून. चटई, होडी, नारळ अशा नामांपुरती ही रीत ठीक चालते, कारण होडी ही दोन्ही भाषांत होडीच असते. परंतु 'आंत', 'वर', 'पाशीं' हे शब्द वस्तूंचीं नांवें नव्हेत. बोलणाऱ्यानें ती जागा मनांत कशी पाहिली, तें हे शब्द सांगतात. आणि एकच जागा दोन भाषा दोन तऱ्हांनीं पाहूं शकतात. म्हणून शब्दाचें भाषांतर करण्यापूर्वीं जागेचें चित्र डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे.

२. तीन चित्रें

इंग्रजीचीं मुख्य चित्रें तीनच आहेत. तीं पाटीवर काढून पाहा.

पहिलें चित्र ठिपक्याचें. जागा लहान आहे कीं मोठी, उघडी आहे कीं बंद, याचा विचार न करितां ती केवळ एक ठिकाण म्हणून मनांत धरिली, म्हणजे 'ॲट' येतो. "द ट्रेन स्टॉप्स ॲट घोलवड" या वाक्यांत घोलवड हा रूळाच्या लांब रेषेवरील एक ठिपका आहे.

दुसरें चित्र फळीचें. एखादी वस्तु दुसरीच्या पृष्ठभागास टेकलेली असली, म्हणजे 'ऑन' येतो. येथें महत्त्व आहे तें टेकण्याला, उंचीला नव्हे. रस्ता, नदी, किनारा यांसारख्या रेषेला लागून असणें हेंहि यांतच मोडतें. तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गास लागून आहे, म्हणून "तलासरी इज् ऑन द हायवे".

तिसरें चित्र पेटीचें. वस्तूस चोहों बाजूंनीं वेढणारी कांहीं हद्द आहे, मग ती भिंतीची असो, कुंपणाची असो किंवा नकाशावरील नुसत्या रेघेची असो, अशी कल्पना केली म्हणजे 'इन' येतो. पाणी घागरींत, गाय वाडींत आणि नरपड डहाणू तालुक्यांत, या तिहींसहि 'इन'च लागतो.

आतां समुद्राकडे पुनः वळूं. मासा समुद्राच्या पाण्यानें वेढलेला आहे, म्हणून "द फिश इज् इन द सी". होडी पाण्याच्या पृष्ठभागास टेकून तरंगत आहे, म्हणून "द बोट इज् ऑन द सी". वडील मासेमारीच्या कामावर गेले आहेत. समुद्र हें त्यांच्या उद्योगाचें ठिकाण आहे, म्हणून "फादर इज् ॲट सी", आणि येथें 'द' हि लागत नाहीं. समुद्र एकच, पण मासा, होडी आणि वडील यांच्यापुरतीं त्याचीं चित्रें तीन. पाहुणे कां घाबरले, हें आतां सहज समजेल. जो शब्द माशाला शोभतो, तो त्या मुलीनें वडिलांना लाविला होता.

३. मराठीलाहि हा भेद ठाऊक आहे

हीं तीन चित्रें इंग्रजांनीं शोधून काढिलीं व आपणांस तीं परकीं आहेत, असें मात्र समजूं नका. संस्कृत वैयाकरणांनीं आधाराचे तीन प्रकार फार प्राचीन काळीं सांगितले आहेत: नुसता स्पर्श असेल तो औपश्लेषिक, तिळांत तेल भरून असतें तसा सर्वत्र व्यापणारा तो अभिव्यापक, आणि मनाची इच्छा ज्याकडे लागते तो वैषयिक. मराठीच्या सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ असे आपण पाठ करितों. त्यांतील 'ई' कडे लक्ष द्या. "आई घरीं आहे", "आई घरांत आहे" आणि "मांजर घरावर आहे" हीं तीन वाक्यें कोणाहि लहान मुलास वेगवेगळीं समजतात. पहिल्यांत घर हें ठिकाण आहे, दुसऱ्यांत पेटी आहे, तिसऱ्यांत फळी आहे. इंग्रजींतहि तसेंच: "ॲट होम", "इन द हाउस", "ऑन द हाउस". 'दाराशीं', 'पायथ्याशीं', 'नाक्याला' या रूपांतहि हाच ठिपका आहे. विवळवेढे येथील महालक्ष्मीचें देऊळ डोंगराच्या पायथ्याशीं आहे, म्हणून "ॲट द फुट ऑफ द हिल". कोसबाडची वस्ती टेकडीवर आहे, म्हणून "ऑन द हिल".

अर्थात् चित्रें आपल्या ओळखीचींच आहेत. फक्त कोणत्या जागेस कोणतें चित्र लावावयाचें, याविषयींच दोन भाषांचें सर्वत्र एकमत नाहीं. जेथें एकमत आहे, तेथें श्रम करावयाचे कारण नाहीं: उन्हांत, सावलींत, पावसांत, खोलींत, देशांत येथें सर्वत्र 'इन', वाळूवर, चटईवर, पाटावर येथें सर्वत्र 'ऑन'. जेथें मतभेद आहे, तीं स्थळें मात्र नीट पाहूं.

४. 'वर' कोठें फुटतो?

आपल्या भागांतील चिकूची वाडी हाच याचा उत्तम पाठ आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें तुम्हांस ठाऊक असेल. त्या झाडाकडे पाहा. चिकू झाडाला लागला आहे. तो फांदीस चिकटला आहे, म्हणून "द फ्रुट इज् ऑन द ट्री". कावळा झाडावर बसला आहे. परंतु इंग्रजी माणूस झाडाचा सारा पर्णसंभार ही एक पोकळी समजतो व कावळा त्या पोकळींत आहे असें पाहतो, म्हणून "द क्रो इज् इन द ट्री". मराठींत 'ला' आणि 'वर', इंग्रजींत 'ऑन' आणि 'इन'. कोष्टकाप्रमाणें लिहिणारा मुलगा येथें हटकून चुकतो. चित्र पाहणारा चुकत नाहीं.

पाल छताला चिकटली आहे. ती छताच्या खालीं आहे, तरी "ऑन द सीलिंग" असेंच म्हणावें, कारण ती टेकली आहे. पंखा आपल्या डोक्यावर फिरतो, पण डोक्यास टेकत नाहीं; तेथें 'ऑन' म्हटल्यास मोठाच अपघात होईल! तेथें 'ओव्हर' किंवा 'अबव्ह' पाहिजे. मराठीच्या 'वर' या शब्दांत टेकणें व उंच असणें हे दोन्ही अर्थ सामावतात. इंग्रजी ते वेगळे ठेविते.

"मी स्टेशनवर उभा आहें" याचें भाषांतर मुलें "ऑन द स्टेशन" असें करितात. परक्यास त्यावरून मुलगा स्टेशनच्या छपरावर चढला आहे असें वाटेल. स्टेशन हें गाठण्याचें ठिकाण आहे, म्हणून "ॲट द स्टेशन". फलाटास मात्र पाय टेकलेले आहेत, म्हणून "ऑन द प्लॅटफॉर्म".

५. 'त' कोठें फुटतो?

"बोटांत अंगठी" आणि "बोटांत काटा". मराठींत दोन्ही ठिकाणीं 'त'. पण काटा मांसांत शिरला आहे, म्हणून "इन द फिंगर". अंगठी वरून बसली आहे, म्हणून "ऑन द फिंगर". तसेंच "हातांत पुस्तक" यास 'इन', कारण मुठीनें तें वेढलें आहे; "हातांत बांगड्या" यास 'ऑन'; आणि "गळ्यांत हार" यास 'राउंड', म्हणजे भोंवतालीं.

वाहनांचेंहि असेंच आहे. आपण गाडींत, बसमध्यें, रिक्षांत, सर्वत्र आंतच बसतों. इंग्रजींत रिक्षा व मोटार यांना 'इन', पण बस व आगगाडी यांना बहुधा 'ऑन' लागतो. ध्यानांत ठेवण्यासाठीं सोपी खूण अशी कीं, ज्या वाहनांत उभें राहून चालतां येतें, त्यास 'ऑन'. ज्यांत वांकून शिरून बसावें लागतें, त्यास 'इन'. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल गाडी डहाणूपर्यंत येऊं लागली. त्या गाडींत ज्यास बसावयास जागा मिळाली नाहीं, त्यास 'ऑन द ट्रेन' कां म्हणतात हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

वारली चित्राचेंहि एक उदाहरण घेऊं. गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचें चित्र असतें. ही कला जगभर पोंचविणारे आपल्या तालुक्यांतील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. चित्र भिंतीवर आहे, म्हणून "ऑन द वॉल". तारपा वाजविणारा चित्रांत आहे, म्हणून "इन द पिक्चर". आणि त्याच भिंतींत खिडकी आहे, ती भिंतीच्या जाडींत बसविली आहे, म्हणून "इन द वॉल". परंतु "नकाशांत डहाणू दाखवा" यास "ऑन द मॅप", कारण नकाशा हा पसरलेला कागद म्हणून पाहिला जातो.

६. इतर भाषांकडे एक दृष्टिक्षेप

ही अडचण आपल्यापुरतीच आहे असें नाहीं. स्पॅनिश भाषेंत पेटींत व मेजावर या दोहोंस 'एन' हा एकच शब्द चालतो. म्हणून स्पॅनिश मुलाला 'इन' व 'ऑन' यांचा भेद नव्यानें शिकावा लागतो. जर्मन भाषेंत मेजावरील पुस्तकास 'आउफ' आणि भिंतीवरील चित्रास 'आन' असे दोन शब्द आहेत. म्हणजे आपण 'मेजावर' व 'भिंतीला' असा जो भेद करितों, तो जर्मन मुलास चटकन समजेल, पण इंग्रज मुलास समजणार नाहीं! कोरियन भाषेंत बोटांत घट्ट अंगठी घालणें व घट्ट पेटींत वस्तु बसविणें यांना एकच क्रियापद आहे; तेथें आंत कीं वर हा प्रश्नच नाहीं, घट्ट कीं सैल एवढाच प्रश्न आहे. सूंजा चोई व मेलिसा बोवरमन या दोघी विदुषींनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं, मुलें अगदीं लहानपणींच आपापल्या भाषेची ही वांटणी उचलतात. आपल्या वर्गांत मराठी, वारली, मांगेली व गुजराथी बोलणारीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. त्यांनीं आपापल्या घरीं "बोटांत अंगठी" कशी म्हणतात, हें एकमेकांस विचारून पाहावें; मोठी मौज वाटेल.

७. आपला पत्ता

परीक्षेंत व अर्जांत सर्वांत अधिक लागणारें वाक्य म्हणजे आपल्या गांवाचें. पत्त्यांत आपण "मु. पो. नरपड" असें लिहितों व इंग्रजींत त्याचें "ॲट पोस्ट" करितों. पाकिटावर तें आपल्या देशांत रूढ आहे. परंतु निबंधांत "आय लिव्ह ॲट पोस्ट नरपड" असें लिहूं नये. "आय लिव्ह इन नरपड" असें लिहावें. लहान गांवास 'ॲट' व मोठ्या शहरास 'इन' असा जो नियम सांगतात, तोहि अपुरा आहे. गाडी मुंबईस थांबते तेव्हां मुंबईएवढें शहरहि ठिपकाच होतें, आणि आपण ज्यांत राहतों तें लहानसें गांवहि आपणांस वेढून असतें. पुढें हद्द मोठी होत गेली तरी शब्द तोच: "इन डहाणू तालुका, इन पालघर डिस्ट्रिक्ट, इन महाराष्ट्र". ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला, तेव्हां आपलें गांव तसूभरहि हललें नाहीं. पण भोंवतालची रेघ बदलली आणि म्हणून 'इन' पुढील नांव बदललें. 'इन' हा हद्दीचा शब्द आहे, हें याहून स्पष्ट कशानें होणार?

नरपड समुद्रकांठीं आहे, म्हणून "ऑन द कोस्ट" किंवा "बाय द सी". तें डहाणू व घोलवड या दोहोंच्या मध्यें आहे, म्हणून "बिट्वीन". आणि किनाऱ्यावर सुरूच्या अनेक झाडांमध्यें कोणी उभा असेल, तर "अमंग". मराठीचा 'मध्यें' येथें दोन वाटांनीं जातो, हें विसरूं नये.

कोळ्यांच्या मुलांनीं आणखी एक शब्द अवश्य शिकावा, तो म्हणजे 'ऑफ'. होडी किनाऱ्यापासून दूर, डहाणूच्या समोर समुद्रावर असेल, तर "ऑफ डहाणू" असें म्हणतात. "ॲट डहाणू" म्हटलें तर ऐकणारा तिला बंदरांत शोधील. "इन द क्रीक" म्हटलें तर खाडींत शोधील. यंत्र बंद पडलेल्या होडीची खबर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर देतांना पलीकडचा मनुष्य परप्रांतीय असूं शकतो. त्यानें ही जागा पाहिलेली नसते. आपल्या शब्दांवरूनच त्यानें ती शोधावयाची असते. व्याकरणाची चूक गुणपत्रिकेपुरतीच असते असें ज्यांस वाटतें, त्यांनीं याचा विचार करावा.

८. पालकांस विनंति

आपणांस इंग्रजी येत नाहीं, तेव्हां मुलास मदत कशी करावी, असें पुष्कळ आईबाप विचारतात. या विषयांत तरी इंग्रजी येण्याची गरज नाहीं. वाडींत, अंगणांत, होडीजवळ काम करितांना एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून मुलास मराठींतच तीन प्रश्न विचारावे: ती टेकली आहे काय? ती वेढली आहे काय? कीं नुसतें ठिकाण सांगावयाचें आहे? मुलानें विचार करून उत्तर दिलें, म्हणजे अर्धें इंग्रजी तेथेंच झालें. आणि तो चुकला तर हंसूं नये. हंसण्यानें शब्द सुधारत नाहीं, फक्त तोंड बंद होतें.

अभ्यास

पुढील ठिकाणीं 'इन', 'ऑन' कीं 'ॲट' तें कारणासह सांगा.

(१) पायांत चप्पल. (२) पायांत कांच. (३) शाळेच्या फाटकाशीं शिपाई. (४) खोलीच्या कोपऱ्यांत घागर. (५) रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान. (६) नवव्या पानावर धडा. (७) पुस्तकांत धडा. (८) आकाशांत चंद्र.

उत्तरें: (१) ऑन, वरून चढविली आहे. (२) इन, आंत शिरली आहे. (३) ॲट, नुसतें ठिकाण. (४) इन, भिंतींनीं वेढली आहे. (५) ॲट, दोन रस्ते मिळतात तें ठिकाण. येथें ऑनहि चालतो. (६) ऑन, पान हा पृष्ठभाग. (७) इन, पुस्तक ही पेटी. (८) इन, आकाशानें वेढला आहे.

शेवटीं त्या मुलीविषयीं. वर्ष संपण्यापूर्वीं तिनें वर्गांत आपण होऊन उभें राहून तीन वाक्यें म्हटलीं: मासा 'इन द सी', होडी 'ऑन द सी', आणि वडील 'ॲट सी'. त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं. हा सारा पाठ त्या तीन वाक्यांत आला आहे. एवढीं तरी तीन वाक्यें प्रत्येकानें पाठ करावींत.